लादीपासून वीतभर वर

सकाळी आठ-साडेआठला पाळणाघराचे दार उघडते, तेव्हा मुलांच्या आवाजाआधी वास येतो. लादी नुकतीच पुसलेली असते. लोकल गाठायच्या घाईतली आई मूल ताईंच्या हाती देते, तो वास तिच्या नाकात शिरतो आणि तिला बरे वाटते, जागा स्वच्छ आहे. पाळणाघर चालवणाऱ्या ताईंनाही हे ठाऊक असते. म्हणून बादलीत फिनेलचे एक टोपण जास्त पडते. थोड्याच वेळात आठ महिन्यांचे मूल त्याच लादीवर रांगू लागते. त्याचे नाक जमिनीपासून वीतभर वर असते आणि ओला झालेला हात पाच मिनिटांत तोंडात जातो.

ज्या वासाला आपण स्वच्छतेची खूण मानतो, तो हवेत मिसळलेल्या रसायनाचा वास आहे. खोलीतल्या सर्वांत लहान छातीलाच तो सर्वांत जास्त सोसावा लागतो. मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला 12 ते 16 श्वास घेतो, तर वर्षभराचे मूल 25 ते 30 किंवा त्याहूनही जास्त. वजनाच्या मानाने त्याच्या आत जाणारी हवा आपल्यापेक्षा कितीतरी अधिक. शिवाय त्याची फुप्फुसे अजून तयार होत असतात. प्राणवायू रक्तात पोहोचवणाऱ्या वायुकोशांपैकी बहुतेक जन्मानंतर, पहिल्या दोन-तीन वर्षांत बनतात. श्वासनलिका इतक्या अरुंद असतात की जराशी सूज आली तरी छातीत घरघर सुरू होते. आपल्याकडे 'छाती भरली' म्हणतात आणि पाळी येते वाफाऱ्याची.

ही शंका केवळ आमची नाही. फ्रान्समध्ये पॅरिस आणि त्याच्या आसपासच्या पाळणाघरांतल्या मुलांवर 'क्रेस्पी' नावाचा अभ्यास झाला आहे. जिथे सफाईसाठी फवारे नियमित वापरले जात, तिथल्या मुलांमध्ये छातीत घरघर होण्याचे प्रमाण अधिक दिसले. कॅनडात 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन हजारांवर बाळांच्या घरांची पाहणी होती. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत सफाईची उत्पादने भरपूर वापरलेल्या घरांतल्या मुलांना तिसऱ्या वर्षापर्यंत दमा होण्याची शक्यता जास्त आढळली. अशा पाहण्यांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण काळजी घ्यायला जवळपास खर्चच येत नसेल, तर पक्क्या पुराव्याची वाट मुलांच्या छातीवर पाहणे आम्हाला मान्य नाही.

फवाऱ्याचे वेगळे सांगायला हवे. फडक्यावर ओतलेले औषध बरेचसे फडक्यातच राहते. फवारले की त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात, ते हवेत तरंगत राहतात आणि थेट आत ओढले जातात. ही सवय करोनाने घरोघरी पोहोचवली. मार्च 2020 मध्ये उत्तर प्रदेशातील बरेलीत परतणाऱ्या मजुरांना लेकराबाळांसह रस्त्यावर बसवून त्यांच्यावर ब्लीचचे पाणी मारले गेले, ते चित्र देश विसरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी बजावले होते की बंदिस्त जागेत फवारणी करू नये आणि माणसांवर तर कधीच नाही. साथ ओसरली, पण फवाऱ्याची बाटली खेळण्यांच्या कपाटावर राहिली.

पावसाळ्यात हे अधिक जाचते. जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत लादी वाळत नाही, खिडक्या बंद असतात, कुबट वास येतो. त्यावर उतारा म्हणून आणखी फिनेल, आणखी सुगंधी फवारा, कपाटात डांबराच्या गोळ्या. नेमक्या याच महिन्यांत मुलांना सर्दी-खोकलाही जास्त होतो.

स्वच्छता कमी करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जुलाब, उलट्या, हातापायांवर आणि तोंडात उठणारे फोड हे आजार पाळणाघरात एकाचे दहांना होतात. पण लादी, टेबल आणि खेळणी यांना रोज साबण आणि पाणी पुरते. मळ धुतला की त्याच्याबरोबर बहुतेक जंतू जातात. उलट मळ तसाच ठेवून वर ब्लीच ओतले, तर त्याचे बळ मळावरच खर्च होते. जंतुनाशक लागते ते लंगोट बदलण्याच्या जागी, संडासात आणि कोणी ओकले किंवा कोणाला जुलाब झाले तर तिथे. तेही सांगितले तेवढेच पातळ करून, मुले दुसऱ्या खोलीत असताना, खिडकी उघडून. तोंडात जाणारी वस्तू नंतर साध्या पाण्याने धुवायची. ब्लीच आणि संडासाचे ॲसिड एकत्र तर कधीच करायचे नाही. त्यातून क्लोरीन निघतो आणि हा वायू हवेहून अडीचपट जड असल्याने खालीच साचतो, जिथे मुले बसलेली असतात.

या सगळ्यात लादी पुसणाऱ्या मावशींचा विचार कोणी करत नाही. नॉर्वेतील संशोधकांच्या पुढाकाराने युरोपात सहा हजारांवर लोकांचा वीस वर्षे मागोवा घेण्यात आला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत घरची किंवा कामावरची सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता अधिक वेगाने घटलेली दिसली. मावशींचा खोकला 'धुळीचा' म्हणून सोडून दिला जातो. त्यांना मिळालेली बाटली बहुधा सुटी, चिठ्ठी नसलेली, कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरलेली असते. किती पाण्यात किती घालायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

2017 मध्ये दुरुस्त झालेल्या मातृत्व लाभ कायद्याने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. पण महाराष्ट्रातील असंख्य मुले कुणा काकूंच्या दोन खोल्यांत वाढतात, आणि तिथवर हे बंधन जात नाही. फ्रान्सने 2018 पासून पाळणाघरांतल्या हवेवर लक्ष ठेवणे सक्तीचे केले. आपल्याला लगेच यंत्रे नकोत. महिला व बालविकास विभागाने मराठीत एक पान काढावे, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकांनी ते आपापल्या गावा-वस्तीतल्या घरगुती पाळणाघरांतही नेऊन वाचून दाखवावे. साबण कुठे, ब्लीच कुठे, किती पाण्यात किती, मुले तेव्हा कुठे. आणि ते पान मोरीच्या भिंतीवर, ॲसिडची बाटली जिथे ठेवतात त्याच्या वर, मावशींच्या नजरेच्या उंचीला चिकटवावे.