चेक वाण अकारविल्हे ठरत नाही

वर्गीय चलाला स्वतःचा आकडा नसतो. तुरीचे चार वाण समीकरणात बसवायचे तर संगणकाला त्यांच्या जागी आकड्यांचे तीन स्तंभ लागतात. ते कसे भरायचे, हे ठरवणे म्हणजे कॉन्ट्रास्टचे संकेतन. याविषयीचा रूढ पूर्वपक्ष असा: संकेतन कोणतेही घ्या, अंदाजित उत्पादन तेच आणि वाणांची एकत्रित एफ-कसोटीही तीच, मग प्रणालीने आधीच लावून दिलेली मांडणी कशाला हलवायची?

एकाच घटकाच्या विश्लेषणापुरते हे विधान खरे आहे. पण अहवालात वाचले जातात ते एकेका वाणापुढचे सहगुणक, आणि ते संकेतनाबरोबर बदलतात. जालना जिल्ह्यातील बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे. तिथल्या तुरीच्या वाणांपैकी चार घेऊ आणि निव्वळ उदाहरणासाठी हेक्टरी सरासरी उत्पादन मानू: बीडीएन-711 चे 16 क्विंटल, बीडीएन-716 चे 18, बीएसएमआर-736 चे 14 आणि बीएसएमआर-853 चे 12. नावे रोमन लिपीत भरली तर ‘आर’ ही प्रणाली वर्णक्रमातला पहिला वाण, म्हणजे बीडीएन-711, पाया धरते, बाकीच्यांचे फरक त्याच्यापासून मोजते आणि बीएसएमआर-736 पुढे उणे 2 छापते. ‘सॅस’ या प्रणालीची जीएलएम पद्धत शेवटचा वाण पाया धरते, तिथे त्याच वाणापुढे अधिक 2 येतात. नावे देवनागरीत भरली तर ‘ए’ हा ‘ड’च्या आधी येतो, त्यामुळे ‘आर’मध्ये बीएसएमआर-736 हाच पाया होतो आणि यादीतून नाहीसा होतो. चेक वाण, म्हणजे ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची तो, कोणता हे प्रयोग आखणाऱ्याने ठरवायचे असते. इथे ते लिपी ठरवते!

घटक दोन झाले की पूर्वपक्षाचा खरा भागही डळमळतो. वाणाबरोबर कोरडवाहू आणि संरक्षित पाणी असे दोन गट घेऊन आंतरक्रियाही समीकरणात ठेवली, तर पाया-संकेतनात पाण्याचा सहगुणक फक्त पायाभूत वाणाला पाण्याने किती फायदा झाला एवढेच सांगतो. तो सर्व वाणांवरचा सरासरी परिणाम म्हणून वाचला जातो, आणि चूक इथेच होते. ‘आर’मधील तिसऱ्या प्रकारच्या वर्गबेरजांनाही शून्य बेरजेचे, म्हणजे प्रत्येक स्तंभातील आकड्यांची बेरीज शून्य ठेवणारे, संकेतन लागते; मूळ मांडणीवर काढलेल्या त्या कसोट्या विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत.

मग सरसकट शून्य बेरीज लावावी, हा दुसरा पक्षही टिकत नाही. वरच्या उदाहरणात त्यातून 15 ही सरासरी आणि अधिक 1, अधिक 3, उणे 1 अशी विचलने मिळतात. चौथ्या वाणाचे उणे 3 छापलेच जात नाही. शिवाय नव्या वाणाची शिफारस करायची असेल, तर चौघांच्या सरासरीपासूनचे अंतर कोणालाच नको असते. तिथे चेक वाण स्वतः नेमून पाया-संकेतन वापरणेच योग्य.

प्रश्न आधी, संकेतन नंतर, हा उत्तरपक्ष नवा नाही. हाताने गणित करणारा संशोधक तुलनेचे गुणक स्वतः लिहीत असे; पानसे आणि सुखात्मे यांच्या 1954 च्या ग्रंथावर कृषी संख्याशास्त्रज्ञांच्या पिढ्या घडल्या त्या याच शिस्तीत. वरील चार वाणांतच तीन अर्थपूर्ण प्रश्न दडले आहेत. बीडीएनची जोडी विरुद्ध बीएसएमआरची जोडी: 17 आणि 13, फरक 4. तांबडे दाणे (716 आणि 736) विरुद्ध पांढरे (711 आणि 853): 16 आणि 14, फरक 2. रंगाचा फरक दोन्ही जोड्यांत सारखाच आहे का, हा तिसरा. इथे तो सारखाच आहे. तीन स्तंभ, तीन उत्तरे. मात्र पहिल्या स्तंभात अधिक 1 आणि उणे 1 भरले तर प्रणाली 4 ऐवजी 2 छापते, कारण सहगुणक फरकाच्या निम्मा येतो. अर्धा आणि उणे अर्धा भरले की पूर्ण 4 मिळतात. तुलना परस्परलंब नसतील तर तुलनेचे गुणक जसेच्या तसे संकेतन म्हणून चालत नाहीत. त्या गुणकांच्या सारणीचा (मॅट्रिक्सचा) व्यस्त काढावा लागतो.

क्रमवार चलाचे प्रकरण थोडे वेगळे. त्याला ‘आर’ आपणहून बहुपदी संकेतन लावते आणि पायऱ्या समान अंतरावर आहेत असे गृहीत धरते. स्फुरदाच्या मात्रा 0, 25, 50, 75 किलो असतील तर ते ठीक. 0, 25, 50, 100 असतील तर प्रत्यक्ष मात्रा सांगाव्या लागतात, नाहीतर वक्राचा बाक खोटा दिसतो.