शेकाचा कागद जपून ठेवा

तोंडाच्या कॅन्सरवर रेडिएशन, म्हणजे लोक ज्याला 'शेक' म्हणतात, ते घेतलेल्या अब्बांना पुन्हा भाकरी चावता यावी, असे घरात सगळ्यांनाच वाटते. जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून बसवलेले पक्के दात अशा काही रुग्णांनाही लावता येतात. पण शेकलेल्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो. जखम लवकर भरत नाही, कधी हाडच कुजते. हा धोका वर्षे लोटली तरी संपत नाही. ६० ग्रेपेक्षा जास्त मात्रा मिळालेल्या भागात तो अधिक असतो. म्हणून साधा दात काढायचा असला, तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. जबड्याच्या कोणत्या भागाला किती मात्रा मिळाली, तो कागद दातांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि तंबाखू, मिश्री पुन्हा घरात येऊ देऊ नका.