यंत्र विकत मिळेल, संकेतकोश मिळणार नाही

ऑक्टोबर १९७३ च्या युद्धात इस्रायलने सुमारे १०० विमाने गमावली. त्या हानीत सोव्हिएत बनावटीच्या ‘सॅम-६’ क्षेपणास्त्रांचा वाटा मोठा होता. त्यांना लक्ष्य दाखवणाऱ्या रडारच्या अखंड लहरी इस्रायली विमानांतील इशारा-यंत्रांना ओळखता येत नव्हत्या. वैमानिकांचे शौर्य उणे नव्हते. उणी होती ती शत्रूच्या संकेतांची ओळख. पुढे मानवरहित विमाने पाठवून इस्रायलने सीरियाच्या रडारचे संकेत टिपले आणि जून १९८२ मध्ये बेका खोऱ्यातील बहुतेक सर्व क्षेपणास्त्र-तुकड्या नष्ट केल्या.

पूर्वी वारंवारिता, स्पंदाची रुंदी आणि दोन स्पंदांतील अंतर कोष्टकाशी ताडून रडार ओळखले जाई. आजची रडार क्षणोक्षणी वारंवारिता पालटतात, क्षीण शक्तीने लहरी सोडतात. तेथे कोष्टक अपुरे पडते. म्हणून संकेताचे काळ-वारंवारिता चित्र तयार करून ते ‘डीप लर्निंग’च्या जाळ्याकडून ओळखून घेण्याचा मार्ग पुढे आला. मात्र विमानात वीज, जागा व वेळ यांची चणचण असते. अवाढव्य संगणकावर अचूक ठरणारे जाळे तेथे निरुपयोगी होय. यास्तव काटकसरीची रचना हवी. २०१७ च्या ‘मोबाइलनेट’ने गणिती क्रिया आठ-नऊ पटींनी घटवूनही अचूकता फारशी ढळत नाही, हे दाखवले. ३२ बिटांचे आकडे ८ बिटांत मांडल्यास स्मृतीची गरज चौथाईवर येते.

ही तंत्रे जगाला खुली आहेत. खरा प्रश्न पुढेच आहे. जाळे जे शिकवावे तेच शिकते. अपरिचित संकेतही ते बेधडक एखाद्या परिचित वर्गात ढकलते. ‘हे मला ठाऊक नाही’ असे सांगण्याची शिस्त त्याला मुद्दाम लावावी लागते, आणि ती चूक वैमानिकाच्या प्राणांशी खेळणारी असते. शिवाय शत्रूच्या रडारचे संकेत कोणतेही राष्ट्र दुसऱ्यास सहजी देत नाही. ते आपल्या सीमांवर, आपल्या सागरावर, आपल्याच माणसांनी वर्षानुवर्षे टिपावे लागतात.

भारताने या क्षेत्रात पाया घातला आहे. हैदराबादची संरक्षण इलेक्ट्रॉनिकी संशोधन प्रयोगशाळा, बंगळुरूचे कृत्रिम प्रज्ञा व यंत्रमानवशास्त्र केंद्र आणि ‘तरंग’ हे स्वदेशी इशारा-यंत्र ही त्याची साक्ष होय. आता संकेतांचा संग्रह, त्याचे वर्गीकरण आणि लहान, तत्पर जाळ्यांची घडण यांवर सातत्याने खर्च झाला पाहिजे. या कामाला संचलनाचा झगमगाट नाही. तथापि आकाशातील निर्णायक क्षणी वैमानिकास तारणारे बळ हेच आहे.