बाहेरच्या डिस्कवरचं विमान

परवा गेवराईला साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत दाजींनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मामानंच पोराला गेमचा नाद लावला. ती डिस्क कुलपात टाकलीय मी." सगळे हसले, मीही हसलो. भाचा मात्र ताटाकडे बघत बसला. तिथे मी गप्प बसलो, ते चुकलंच. दाजी इथलं वाचतात, म्हणून इथेच भांडतो.

दाजी, तुमचा पहिला आरोप, 'दुकानाचा लॅपटॉप खराब होतो'. अहो, तो होऊ नये म्हणूनच तर बाहेरची डिस्क! तुमच्या कृषी सेवा केंद्राचा सगळा हिशेब त्या लॅपटॉपवर, आतली जागा भरत आलेली. फ्लाइटगिअर हे फुकट मिळणारं, जगभरच्या हौशी लोकांनी बनवलेलं सॉफ्टवेअर. पहिली आवृत्ती १९९७ ची. ते आणि त्याचे सगळे नकाशे डिस्कवर राहतात. डिस्क काढली की किरकोळ सेटिंग सोडून तुमच्या लॅपटॉपात त्याचं काही उरत नाही.

हळू चालतं, हे कबूल. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टातून सेकंदाला जेमतेम तीस-पस्तीस एमबी येतात. चालू होईस्तोवर चहा होतो, आणि खालची जमीन मधूनच अडखळते. पण त्यावर उपाय आहे, निळ्या पोर्टात लावा. वायर हलली की विमान गेलं, हेही खरं. आणि लॅपटॉपचं ग्राफिक्स कच्चं असेल तर कितीही भारी डिस्क लावा, चित्र सुधारत नाही. हे सगळं मला तुमच्या पोरानं समजावलंय, मी त्याला नाही.

दुसरा आरोप, 'गेम आहे'. बरं, मग एक किस्सा ऐका. तुमच्याकडे नेट धड नाही, म्हणून मी बीडहून नकाशे डाउनलोड करून दिले होते. हा पठ्ठ्या चिकलठाण्याहून उडाला, गेवराई ओलांडली, बीड जवळ आलं आणि पुढे अथांग समुद्र! मराठवाड्यात समुद्र! मी म्हटलं, सॉफ्टवेअर बिघडलं. त्यानं दोन तास खटपट करून शोधलं, की पृथ्वीचे एक अंश बाय एक अंशाचे चौकोन केलेले असतात आणि प्रत्येकाचं फोल्डर वेगळं. चिकलठाणा, गेवराई १९ च्या फोल्डरात. बीड १८.९९ अक्षांशावर, म्हणजे १८ च्या फोल्डरात, आणि ते मी दिलंच नव्हतं. जिथे नकाशा नाही तिथे ते पाणी दाखवतं. अक्षांश-रेखांश आपण शाळेत पाठ केले होते, दाजी. त्यानं वापरले. याला गेम म्हणायचं?

अकरावीच्या फिजिक्समधला सापेक्ष वेग तो आडव्या वाऱ्यात विमान सरळ ठेवून शिकला. वेग निम्मा झाला तर पंखांची उचल पावपट होते, हे तो नाक जास्त वर करून, आपटून शिकला. आपटला तरी खर्च शून्य!

पुण्याच्या चुलतभावाचं तिसरंच. "नवा लॅपटॉप घ्या, मायक्रोसॉफ्टचं नवीन आलंय." त्याला सांगायला सोपं. २०२० च्या आवृत्तीला दीडशे जीबी जागा लागायची. २०२४ च्या आवृत्तीत बराचसा डेटा उडता उडता इंटरनेटवरून येतो. जिथे नेट जातं तिथलं विमानही जातं. ज्याच्याकडे नवीन मशीन नाही त्यानं हौसच करू नये, असं म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. आपल्या बीडला रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. विमानतळ तर नाहीच. सगळं सोयीचं होईपर्यंत थांबायचं, तर आपल्या पोरांनी किती वर्षं थांबायचं?

आता खरी गोष्ट. तुमची भीती डिस्कची नाहीच, दाजी. पोरगं नीटचा क्लास सोडून 'पायलट होतो' म्हणेल, याची आहे. व्यावसायिक लायसन्सला दोनशे तासांचं उड्डाण लागतं, खर्च लाखांत जातो. कापसाच्या भावावर चालणाऱ्या दुकानातून तो कसा निघायचा? ही भीती खोटी नाही, मलाही तीच वाटते. कदाचित तो पायलट होणार नाही. डॉक्टर होईल, नाहीतर तुमच्याच दुकानात बसेल. पण पैसे नाहीत हे त्याला समोर बसवून सांगा, तो ऐकेल. कुलूप लावून सांगितलं, तर त्याला एवढंच कळेल की आपल्या घरात काही आवडणं हाच गुन्हा आहे.

रविवारी येतोय. लॅपटॉप माझा आणतो, तुमच्या हिशेबाला हात लागणार नाही. तुम्ही फक्त कपाटाची किल्ली काढून ठेवा आणि शेजारी खुर्ची टाकून बसा. चिकलठाणा ते बीड, अर्ध्या तासाचं उड्डाण आहे. वाटेत तुमचं गाव तोच दाखवेल.