डाउएजर आणि पाठीचा पोक

वैद्यकाच्या जुन्या इंग्रजी ग्रंथांत वृद्ध स्त्रियांच्या पाठीला येणाऱ्या पोकाला ‘डाउएजर्स हम्प’ म्हटलेले आढळते. डाउएजर म्हणजे दिवंगत पतीच्या मालमत्तेतील वाटा वा त्याची पदवी जिच्याकडे राहिली आहे अशी विधवा. मुळाशी लॅटिन ‘दोस’, अर्थात विवाहप्रसंगी दिले जाणारे धन; फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. आपला ‘दान’ त्याच कुळातला. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्याने विधवेला सामान्यतः पतीच्या जमिनीचा एकतृतीयांश हिस्सा तहहयात मिळे. मानाचा हा शब्द अवमानासाठीही वापरता येतो, हे आठव्या हेन्रीने दाखवून दिले. 1533 मध्ये कॅथरिनशी झालेला विवाह रद्दबातल ठरल्यावर तिला राणीऐवजी ‘प्रिन्सेस डाउएजर’, म्हणजे हेन्रीच्या दिवंगत भावाची विधवा, म्हणण्याचे फर्मान निघाले. तिने ते अखेरपर्यंत मानले नाही.

पुढे कोणाही भारदस्त वृद्धेला डाउएजर म्हणू लागले आणि ते नाव पोकालाही चिकटले. मला ते पटत नाही. पोक पुरुषांनाही येतो, आणि तो वार्धक्याचा अपरिहार्य भागही नव्हे. काहींच्या बाबतीत कारण स्नायूंची दुर्बलता वा चकत्यांची झीज असते. पण पुष्कळदा ठिसूळ झालेले मणके पुढच्या बाजूने दबून मोडलेले असतात. त्यासाठी पडावेच लागते असे नाही. पाण्याची बादली उचलणे, कधी जोराचा खोकलाही पुरतो. अनेकदा विशेष वेदना होत नाहीत, म्हणून घरचे ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून सोडून देतात. एक मणका मोडला की पुढच्या अस्थिभंगाचा धोका वाढतो. बाक फार वाढला तर फुप्फुसांना व पोटाला जागा अपुरी पडते. दम लागतो, चार घासांतच पोट भरते.

तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटर वा अधिक घटली असेल, किंवा टाचा व पाठ भिंतीला टेकवूनही डोके भिंतीला लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. ते मणक्यांचा एक्स-रे व डेक्सा तपासणी सुचवतील. हाडे बळकट करणारी औषधे आज उपलब्ध आहेत. तोवर कमरेतून वाकून ओझे उचलू देऊ नका. जुनी उंची ठाऊक नसेल, तर पूर्वी सहज हाताला येणारी फडताळातली वरची फळी आता पुरते का, एवढे आईला विचारा.