गावकूस पडलं की मुळात नव्हतंच?

परवा सुट्टीत नांदगाव खंडेश्वरला गेलो होतो. बारावीतला भाचा गाइड घेऊन घोकत बसला होता. "मामा, ग्रॅम-पॉझिटिव्ह म्हन्जे साधे, जुने जिवाणू. मंग वरून एक पडदा वाढला अन् ग्रॅम-निगेटिव्ह झाले. उत्क्रांती!"

डोकंच सटकलं. भाच्यावर नाही, गाइडवर.

मी सॉफ्टवेअरवाला, जीवशास्त्रज्ञ नव्हे. पण एवढं तर कळतं की ग्रॅमसाहेबांनी १८८४ साली दिली ती रंगवायची पद्धत, वंशावळ नव्हे! जाड भिंत जांभळा रंग धरून ठेवते. भिंत पातळ आणि वर दुसरा पडदा असेल तर अल्कोहोलने तो धुतला जातो. बस्स. आधी कोण, नंतर कोण, हे यातून कळतच नाही.

एक पडदा आधी, हे मत टाकाऊ नाही. कॅनडातल्या राधे गुप्तांनी ते गंभीरपणे मांडलंय: शेजारी जिवाणूंच्या प्रतिजैविकांपासून वाचायला दुसरा पडदा आला. पण मग आपल्या तोंडातल्या व्हेलोनेलाचं काय? भावकी ग्रॅम-पॉझिटिव्हांची, पडदे दोन! २०१६ साली पाश्चर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी या भावकीची जनुकं तपासली. निष्कर्ष असा की बाहेरचा पडदा उसना नाही, वडिलोपार्जित आहे. बाकीच्यांनी तो वेगवेगळ्या वेळी टाकला. २०२१ च्या 'सायन्स'मधल्या अभ्यासानेही सगळ्या जिवाणूंच्या मूळ पूर्वजाला दोनच पडदे असावेत असं सुचवलं. आज गावकूस दिसत नाही म्हणून ते कधी नव्हतंच, असं म्हणायचं का?

आमच्या धंद्यात पण नवशिक्याला वाटतं, कोड वाढला म्हणजे प्रगती झाली. अनुभवी माणूस कोड काढून टाकतो.

"इतकं काय बिघडलं?" असं कोणी म्हणेल. बिघडतं ना! मायकोप्लाझ्माने भिंतच टाकून दिली, म्हणून भिंतीचं बांधकाम मोडणारं पेनिसिलिन त्याच्यापुढे फुकट. टीबीच्या जंतूने मेणचट मायकोलिक आम्लांचा बाहेरचा थर स्वतंत्रपणे उभारला. आयसोनियाझिड नेमकं त्याचंच उत्पादन थांबवतं. एकाने टाकलं, एकाने बांधलं, दोघंही टिकले. 'साधा' आणि 'प्रगत' अशी शिडी डोक्यात घेऊन निघालेला पोरगा उद्या डॉक्टर झाला, तर औषध कुठे लागतं अन् कुठे नाही हे फक्त पाठ करेल, समजणार नाही.

मागणी छोटीच आहे. गाइडवाल्यांनो, "याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे" एवढी एक ओळ छापा. शाई काही महाग नाही.

असो. भाच्याने गाइडमध्ये पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. सुट्टी वसूल!