बंब पेटवण्याआधी

मंडळी, उन्हाळा आला की भारतातून पाहुणे येतात आणि त्यांना कुठे न्यायचे हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. नायगारा होतो, व्हाइट हाऊस बाहेरून होते, मॉलचाही कंटाळा येतो. अशा वेळी मी कंबरलंडचे नाव सुचवतो. 'इथे येऊन आगगाडीच बघायची?' असे एखादे काका म्हणतात. म्हणून या वेळी त्या आगगाडीबद्दल, आणि खरे म्हणजे तिच्या एका इंजिनाबद्दल लिहितो.

मेरीलँडच्या पश्चिम टोकाला कंबरलंड ते फ्रॉस्टबर्ग अशी सोळा मैलांची डोंगर चढणारी लाईन आहे. तिच्यावर 'वेस्टर्न मेरीलँड सीनिक रेलरोड' ही हौशी प्रवाशांची गाडी चालते. त्यांच्याकडे १९१६ सालचे ७३४ नंबरचे वाफेचे इंजिन होते. पण २०१६ मध्ये त्याची कायद्याने सक्तीची मोठी तपासणी येणार होती. तेव्हा त्याआधीच, २०१४ मध्ये, त्यांनी बाल्टिमोरच्या बी अँड ओ रेल्वे म्युझियमकडून दुसरे इंजिन मिळवले: चेसापीक अँड ओहायो रेल्वेचे नंबर १३०९.

हे साधेसुधे इंजिन नव्हे. फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याने अमेरिकेतल्या रेल्वेसाठी बांधलेले हे शेवटचे वाफेचे इंजिन, सप्टेंबर १९४९ चे. मूळ ऑर्डर पंचवीस इंजिनांची होती. डिझेलचे दिवस आले होते, म्हणून ती दहावर आणली आणि दहावे हे. कोळशाच्या गाड्या ओढत जेमतेम सात-आठ वर्षे चालले आणि निवृत्त झाले. याच बाल्डविनने त्याआधी दोनच वर्षे, १९४७ मध्ये, भारताला डब्ल्यूपी जातीची पहिली सोळा इंजिने पाठवली होती. पुढे गोल नाक असलेले, मेल-एक्सप्रेसचे ते देखणे इंजिन आठवते ना? तेच. त्यामुळे १३०९ हे आपल्या डब्ल्यूपीचे नात्याने धाकटे भावंडच म्हणायचे.

इंजिनाचे पोट समजून घ्यायला इंजिनियरिंगची डिग्री लागत नाही. ज्यांनी आजोळी पाणी तापवायचा तांब्याचा बंब पाहिलाय त्यांना अर्धे कळलेच. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. इंजिनात एका नळीऐवजी शेकडो नळ्या आणि मागे खोलीएवढी आगपेटी, एवढाच फरक. आणि हो, बंब वरून उघडा असतो. इथे वाफ कोंडलेली असते, दर चौरस इंचाला दोनशे पौंडांच्या आसपास दाबाने. १३०९ मध्ये ती दोनदा राबवली जाते. आधी मागच्या लहान सिलिंडरांत, मग उरलेल्या दाबाने पुढच्या मोठ्या सिलिंडरांत. मॅलेट नावाच्या स्विस इंजिनियरची ही युक्ती. ताकाचीही कढी करणाऱ्या गृहिणीला ती नक्की पटेल.

इंजिन आणले, म्हणजे निम्मे काम झाले असे सगळ्यांनाच वाटले असणार. दोन-तीन वर्षांत गाडी सुरू करायचा बेत होता. प्रत्यक्षात आग पेटली ती ३१ डिसेंबर २०२० ला, आणि प्रवासी घेऊन इंजिन निघाले डिसेंबर २०२१ मध्ये. सात वर्षे गेली! बराच काळ उघड्यावर उभे राहिल्याने चाकांच्या आसांपर्यंत गंज पोचला होता. मधे पैसे संपून काम थांबले. सुरू झाल्यावरही दुरुस्तीसाठी अधूनमधून थांबावे लागलेच.

तुम्ही म्हणाल, एवढा काटेकोरपणा कशाला? रंग द्यायचा, आग पेटवायची, शिट्टी वाजवायची. तर याचे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेल्या गेटिसबर्गजवळ आहे. जून १९९५ मध्ये तिथल्या पर्यटक गाडीच्या इंजिनात पाणी कमी पडले. पातळी दाखवणाऱ्या काचेचा मार्ग क्षाराने तुंबला होता, त्यामुळे पाणी आहे असेच दिसत राहिले. आगपेटीच्या छतावर पाणी नसले की पोलाद लाल होते, मऊ पडते आणि वाफ फुटून बाहेर येते. तिघे कर्मचारी भाजले. प्रवासी बचावले. चौकशीत देखभाल आणि प्रशिक्षण दोन्हींत उणीव निघाली. त्या बॉयलरच्या मूळ रचनेत काही बोल्ट अशा बेताने बसवले होते की छत एकदम न फाटता टप्प्याटप्प्याने सुटावे, म्हणून थोडक्यात निभावले. चाळीसच्या दशकातल्या रचनाकारांनी ९५ साली माणसे वाचवली! त्यानंतर नियम नव्याने लिहिले गेले आणि २००० पासून लागू झाले: १,४७२ दिवस सेवा किंवा पंधरा वर्षे, जे आधी होईल तेव्हा बॉयलर मोकळा करायचा, पत्र्याची जाडी मोजायची आणि सारी गणिते पुन्हा मांडायची.

जाडी मोजायला अल्ट्रासाउंड आहे. पण आगपेटीला धरून ठेवणारे शेकडो स्टे-बोल्ट असतात आणि ते तपासायची एक रीत अजूनही हातोडीचीच आहे. ठोकायचे आणि ऐकायचे. चांगला बोल्ट खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. आपल्या आज्या बाजारात मडके घेताना हेच करत. माझे मामा भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. ते म्हणत, "पहिली दोन वर्षं नुसते कान तयार करायचे, हात मागून." मी इथे येऊन मास्टर्स केले. व्हायब्रेशन ॲनालिसिसचा अख्खा कोर्स केला. पण मामांचा कान मला कुठल्याही पुस्तकात सापडला नाही. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडेच जातो, आणि तोही इंजिन चालू असेपर्यंतच.

इथेच खरा वाद आहे. एक पक्ष म्हणतो, शेवटचे बाल्डविन म्युझियममध्येच ठेवायला हवे होते. चालवायचे म्हटले की जुने पत्रे, नळ्या, बोल्ट बदलणार, मग मूळचे उरले काय? यात तथ्य आहे. इंजिन जितके चालेल तितके झिजेल, हेही खरे. पण मला दुसरा पक्ष पटतो, एका अटीवर. थंड इंजिन बघून शिट्टी कशी वाजते ते कदाचित कळेल, पण पाण्याची पातळी कशी राखायची, चढावर आग कशी सांभाळायची आणि बोल्ट कसा ऐकायचा हे कळत नाही. ही विद्या गेली तर गेटिसबर्गसारखे अपघात वाढतील. म्हणून अट ही की, इंजिन घेताना डोक्यावर छप्पर, पुढच्या मोठ्या तपासणीची तजवीज आणि शिकणारी दोन-चार तरुण मंडळी, एवढे आधी असावे. हे नसेल तर म्युझियमच बरे. कल्हई करणारा गेल्यावर आपणही पितळेची पातेली शोकेसमध्येच मांडली ना!

तेव्हा कंबरलंडला जा, नाहीतर पेनसिल्व्हेनियातल्या स्ट्रासबर्गला जा. तिथल्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांच्या इंजिनांचीही कामे होतात. निघण्याआधी त्या दिवशी वाफेचे इंजिन आहे की डिझेल, ते फोन करून विचारा. गाडीत बसालच, पण वर्कशॉप बघायला मिळेल का तेही विचारा. मुलांना घेऊन जा आणि पाहुण्यांपैकी कुणी रेल्वेतून रिटायर झालेले काका असतील तर त्यांना पुढे करा. बघा, इंग्रजीची अडचण येते का ती!